डेलावेअरचे ‘कोर्ट ऑफ चान्सरी’ नेमके कोणते काम करते?

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात 1792 साली स्थापन झालेले हे समन्यायाचे न्यायालय आहे. म्हणजे केवळ पैशांची भरपाई जिथे पुरेशी ठरत नाही, तिथे मनाई हुकूम देणे किंवा करार प्रत्यक्ष पाळायला लावणे हे त्याचे मुख्य काम. फौजदारी खटले येथे चालत नाहीत.

ज्युरी नसते. एक चान्सलर (मुख्य न्यायाधीश) आणि सहा व्हाइस चान्सलर (इतर न्यायाधीश) स्वतः पुरावा तपासतात आणि सविस्तर, कारणांसह निकाल लिहितात. माझ्या मते या न्यायालयाचे खरे सामर्थ्य याच निकालपत्रांत आहे, कारण कंपनीच्या संचालकांचे भागधारकांप्रती कर्तव्य कुठवर जाते, हे वकिलांना त्यांतूनच आधी जोखता येते. वेगही उल्लेखनीय आहे: जुलै 2022 मध्ये ट्विटरने इलॉन मस्क यांच्याविरुद्ध खरेदी करार पाळण्यासाठी दावा दाखल केला, तेव्हा सुनावणी ऑक्टोबरमध्येच ठेवण्यात आली आणि सुनावणीआधीच व्यवहार पूर्ण झाला.

मात्र ते केवळ बड्या कंपन्यांचे न्यायालय नव्हे. विश्वस्त निधी, मृत्युपत्रे, जमिनीच्या मालकीचे वाद आणि स्वतःचा कारभार पाहू न शकणाऱ्या प्रौढांचे पालकत्व हेही त्याच्याच कक्षेत येते. अपील थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात होते.

आपल्याकडील ज्या नवउद्योगांची मूळ कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली असते, त्यांच्या भागधारकांना कंपनीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क बजावण्यासाठीही बहुधा याच न्यायालयाकडे जावे लागते.