२४०झेड घरी उभी करायची असेल तर आधी ती सुटी करू नका

तुमचा प्रश्न असा की १९७२ची डॅटसन २४०झेड हाती आली आहे, बारा वर्षं शेडमध्ये उभी होती, इंजिन सुरू होत नाही, आणि तुम्हाला ती घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण सुटी करून नव्याने जोडायची आहे. जमेल का?

जमेल. फक्त 'पूर्ण सुटी करून' एवढं डोक्यातून काढून टाका.

माझीही त्याच सालची. मी पहिल्या दोन महिन्यांत तिचा एकूण एक बोल्ट काढला आणि पुढची पाच वर्षं ती स्टँडवर बसून राहिली. एका डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मागचे बोल्ट, महत्त्वाचे'. कशाच्या मागचे, ते लिहायचं राहून गेलं होतं. सुटी केलेली गाडी दर आठवड्याला थोडी परकी होत जाते. उलट, चालणाऱ्या गाडीचं एका वेळी एकच काम काढलं, आज ब्रेक, पुढे कधीतरी वायरिंग, तर ती सगळा वेळ गाडीच राहते आणि तुमचा उत्साहही टिकतो.

इंजिनाची काळजी सोडा, आधी पत्रा बघा. तिचं एल२४ हे २३९३ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वर हेडमध्ये आणि तो चेनने फिरतो. नीट वागवलं तर दणकट. पण या गाडीला वेगळी चेसी नाही, बॉडी हीच चेसी, आणि त्या काळच्या पत्र्याला गंजापासून संरक्षण असं फारसं नव्हतंच. बॅटरीचा ट्रे उचलून खाली बघा. अ‍ॅसिड ठिबकून तिथून फायरवॉलमार्गे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) खाली उतरलेलं असतं. वायपरच्या जाळीखाली पालापाचोळा साचून पाणी धरून ठेवतो. फ्लोअर, त्याखालून जाणाऱ्या दोन लांब रेल, दरवाजामागे चाकाच्या कमानीआधीचा कोपरा, मागच्या झाकणाची खालची कड आणि स्टेपनीचा खळगा, या जागा सोडू नका. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो.

फ्लोअर कापावा लागलाच तर दोन्ही बाजू एकदम कापू नका. दरवाजाच्या चौकटीत आडवी पट्टी तात्पुरती वेल्ड करा, एक बाजू पुरी करा, मग दुसरी. दर टप्प्यावर दरवाजा लावून फट बघा. फट बदलली म्हणजे बॉडी बसली, आणि मग नंतर कितीही सुंदर रंग दिलात तरी दरवाजा आयुष्यभर उचलूनच लावावा लागतो. वेल्डिंग येत नसेल तर हे एक काम येणाऱ्याला द्या, त्यात कमीपणा नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ मात्र, ती रिकामी असली तरी, वेल्डिंगची ठिणगी जाऊ देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

आता स्क्रूंबद्दल, कारण पहिल्याच दिवशी तुम्ही इथे अडकणार. या गाडीवरचे अधिकचिन्हाचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस आहेत. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. कार्ब्युरेटरच्या झाकणाचे स्क्रू मी असेच मारले आणि 'जुने आहेत, असंच व्हायचं' म्हणून वर्षभर कुढत बसलो. जेआयएसचा ड्रायव्हर आणल्यावर तेच स्क्रू सुटले. पान्ह्यांचंही तसंच: ८ मिमीच्या बोल्टला इथे १२चा पाना लागतो, १३चा नाही. १३चा ढिला बसतो आणि डोकं गोल होतं.

इंजिन सुरू करायची घाई करू नका. जुनं पेट्रोल काढून टाका. वार्निशसारखा वास येत असेल तर टाकीही उतरवून धुवा. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, बाहेरून बऱ्या दिसत असल्या तरी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर थांबा, जोर करू नका. हाताने मोकळं फिरलं की नवं ऑइल भरून प्लग न लावता स्टार्टरने फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलतोय का बघा. तो हलल्यावरच प्लग. पुढे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजाल तेव्हा एकट्या आकड्यापेक्षा सहा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा.

सुरू झाली की लगेच बाहेर न्यायचा मोह होतो. ब्रेक झाल्याशिवाय नाही. मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, सगळे होज. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं, त्यामुळे इतकी वर्षं उभ्या गाडीत आतून गंज धरलेलाच असतो. ड्रम उघडाल तेव्हा धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका, स्टँड लावा.

या गाडीतल्या एका पिनेबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिने माझे चार रविवार खाल्ले. मागच्या चाकाचा खालचा आर्म ज्या लांब पिनेवर फिरतो ती स्पिंडल पिन. बुश बदलायचे तर ती बाहेर यायला हवी, आणि ती गंजून बुशच्या नळीला एकजीव झालेली असते. मी दोन्ही टोकांचे नट काढले आणि हातोडी चालवली. पिनेचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं, आटे गेले, पिन जागची हलली नाही. मग दिव्याने नीट पाहिलं तेव्हा मध्यभागी एक छोटी अडकण पिन दिसली. ती स्पिंडल पिनेच्या खाचेत बसते आणि तिला सरकू देत नाही. म्हणजे मी इतके दिवस कुलूप लावलेल्या दारावर धडका मारत होतो. आधी ती अडकण काढा, आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल सोडा, आणि शेवटी हातोडीऐवजी पिनेच्या आट्यांवर बसणारा ओढणारा पुलर लावा. तरीही न आल्यास पिन कापा आणि नवी घाला. मी कापली.

ट्यूनिंगला क्रम आहे. आधी टॅपेट, म्हणजे झडपांची फट: थंड इंजिनवर इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.२५. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी संपर्क जोडणारे-तोडणारे, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, इंजिन तुटक चाललं की थेट कार्ब्युरेटर पिळायला घेतात आणि दोष पॉइंटमध्ये निघतो. १९७२च्या गाडीवर एसयू पद्धतीचे गोल डोक्याचे दोन हिताची कार्ब्युरेटर आहेत, फारच समजूतदार जात. वरची ऑइलची टोपी काढा, आतला पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. खाली 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. अडखळत उतरला तर आत घाण आहे. मिक्श्चरचा नट पूर्ण वर नेऊन अडीच आटे खाली, ही सुरुवात. दोन्हींचा मेळ घालायला एका नळीचं टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवा. मीटर मिळतात, पण कान पुरतो. तुमच्या गाडीवर १९७३चे चपट्या डोक्याचे बसवलेले असतील तर त्यांच्याशी झगडू नका, गोलवाले शोधून बसवा. हे माझं मत, पण त्यात मी एकटा नाही.

वायरिंगमध्ये एक काम लगेच करा. हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, तो तापतो, फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक वितळतं. रिले घातले की स्विचवरचा भार जातो आणि दिवेही उजळतात.

नंतरचं सांभाळणं सोपं आहे. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी, टॅपेटची तपासणी वर्षातून एकदा, ऑइल जुन्या कॅमला मानवेल असं झिंकवालं. गाडी उभ्या-उभ्या पाच मिनिटं चालवून बंद करू नका. ऑइलमध्ये पाणी धरतं, सायलेन्सर आतून सडतो. न्यायची तर पूर्ण तापेपर्यंत न्या. आत धुराचा वास आला तर सायलेन्सरच्या आधी मागच्या झाकणाचं रबर आणि टेललाइटमागचे गॅस्केट बघा. या बॉडीमागे हवेचा असा भोवरा होतो की धूर तिथून आत ओढला जातो. काच खाली केली तर आणखी ओढला जातो. वासाला हसण्यावारी नेऊ नका, त्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

तेव्हा या रविवारी पान्ह्यांची पेटी बंदच राहू द्या. फक्त बॅटरी ट्रेखाली, वायपरच्या जाळीखाली आणि कार्पेट उचलून दोन्ही फ्लोअरवर टॉर्च मारा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. पहिलं काम कुठलं, ते त्यावर ठरेल.