ठिणगीच्या काळात बिनतारी संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून रिसीव्हर कसा लावत?

तुमचा प्रश्न असा आहे: विजेची ठिणगी पाडून बिनतारी लहरी सोडायचे त्या काळात जहाजं आणि किनाऱ्यावरची स्टेशनं एकाच वेळी मोर्स पाठवत असताना ऑपरेटर हवं तेवढंच कसं ऐकत? आणि रिसीव्हर ट्यून करता येत होता, तर टायटॅनिक बुडालं त्या रात्री त्याचा ऑपरेटर फिलिप्स याच्या कानात दुसरं जहाज कसं घुसलं?

आधी सरळ उत्तर देतो. ट्यून करता येत होतं. पण रिसीव्हरचं बटण फिरवणं हा त्यातला निम्माच भाग होता. उरलेला निम्मा पाठवणाऱ्याच्या हातात होता आणि पहिली पंधरा-वीस वर्षं खरं दुखणं तिथंच होतं.

हे मी वाचायच्या आधी कानांनी ऐकलंय. सत्तरच्या दशकात आम्ही मालाडला राहायचो, आकाशवाणीच्या ट्रान्समीटरपासून फार लांब नाही. आठवीत असताना मी क्रिस्टल सेट केला. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली इनॅमलची तार, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवायचा भाग), लॅमिंग्टन रोडवरून आणलेला डायोड आणि हेडफोन. एरियलची तार गच्चीवर, अर्थिंग नळाला. लावलं आणि मुंबई अ, मुंबई ब दोन्ही एकदम वाजायला लागले. गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी बातम्यांखाली गाणं चालूच.

विज्ञानाच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एरियल त्या कॉइललाच बांधलंयस ना? तिला वेगळी कॉइल दे आणि ती आत-बाहेर सरकव." मी जरा बारीक नळीवर दुसरी कॉइल गुंडाळली, एरियल आणि अर्थिंग तिला जोडलं आणि ती मोठ्या नळीत सारली. पूर्ण आत असताना दोन्ही स्टेशनं मोठ्यानं. दोन बोटं बाहेर ओढली, गँग थोडा सरकवला, दोन्ही आवाज उतरले, पण गाणं जास्त उतरलं. चार बोटं बाहेर आल्यावर फक्त बातम्या उरल्या. हलक्या, पण एकट्या. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. पुढे चाळीस वर्षं रेडिओच्याच कामात गेली, त्याची सुरुवात ती.

आता इतिहासाकडे. मार्कोनीच्या १८९६-९७ च्या यंत्रात ट्यूनिंग नव्हतंच म्हटलं तरी चालेल. पाठवणाऱ्याकडे ठिणगीची फट थेट एरियल आणि जमिनीच्या मध्ये. एरियलची उंची जेवढी, त्यानुसार लहरीची लांबी ठरायची. घेणाऱ्याकडे कोहीरर, म्हणजे काचेच्या नळीत निकेल आणि थोड्या चांदीचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू द्यायचा, मग छोटी हातोडी टकटक करून त्याला परत मोकळा करायची. लहर लांब की आखूड याच्याशी कोहीररला देणंघेणं नाही, झटका पुरेसा असला की झालं. त्यामुळे टप्प्यात एकच स्टेशन असेल तोवर ठीक. दुसरं बोलायला लागलं की संदेश उमटायच्या कागदी पट्टीवर नुसता चिखल.

ऑलिव्हर लॉजनं १८८९ मध्येच वाट दाखवली होती. सारख्या मापाचे दोन लायडन जार (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या), दोन्हींना तारेचं वेटोळं. एकात ठिणगी पाडली आणि दुसऱ्याचं वेटोळं सरकवून नेमकं जुळवलं की त्या दुसऱ्यातही ठिणगी उडायची. जरा हललं की बंद. सतारीच्या तरफा आठवा: वर गंधार वाजला की खालची गंधाराला लावलेली तरफच झंकारते, शेजारची गप्प राहते. विजेच्या बाबतीत तारेचं वेटोळं म्हणजे जडपणा आणि जार म्हणजे ताण. या दोघांचा गुणाकार दोन्ही टोकांना सारखा असला की सूर जुळला. लॉजनं याचं पेटंट १८९७ मध्ये मागितलं.

पण तरफ झंकारायला वरचा गंधार थोडा वेळ टिकावा लागतो. इथंच सगळं अडत होतं. थेट एरियलमध्ये पाडलेल्या ठिणगीची ऊर्जा मोजक्या हेलकाव्यांत निघून जायची. सूर ऐकू येण्याआधीच संपायचा, तो सूर नव्हेच, धक्का. कोकणातल्या घरातला झोपाळा घ्या. त्याला त्याच्या लयीत हलके हलके झोके दिले तर तो उंच जातो, भलत्या लयीत दिले तर अडखळतो. पण कुणी येऊन एकच दणका दिला तर? तो हलणारच आणि हलणार स्वतःच्या लयीत. रिसीव्हर कितीही नीट लावा, जवळच्या ठिणगीचा दणका त्याला त्याच्याच सुरात वाजवतो. मग कानाला कळत नाही की हा आपला माणूस की परका. जुन्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका गोष्टीनं उलगडतात.

उदाहरणार्थ, १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ अमेरिका कप शिडाच्या नौकांची शर्यत झाली. बातमी आधी पोचवायला मार्कोनी, डी फॉरेस्ट आणि आणखी एक कंपनी अशी तिघांची यंत्रं समुद्रात होती. तिघांचेही धक्के सगळीकडे पसरले आणि कुणाचाच संदेश धड पोचला नाही.

त्याआधीच्या वर्षी, २६ एप्रिल १९०० ला मार्कोनीनं ७७७७ क्रमांकाचं प्रसिद्ध पेटंट दाखल केलं होतं. त्यात चार सर्किटं होती आणि चारही एका सुरात लावायची. पाठवणाऱ्याकडे जार-वेटोळ्याचं बंद सर्किट ठिणगीनं हलायचं आणि ते एरियलला हळूहळू ऊर्जा द्यायचं. घेणाऱ्याकडे एरियल एक आणि कोहीररचं सर्किट दुसरं, मध्ये ट्रान्सफॉर्मर. बंद सर्किटात ऊर्जा साठून राहते, म्हणून सूर लांबतो. त्याच वर्षी मार्कोनीचा वैज्ञानिक सल्लागार फ्लेमिंग यानं लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राला कळवलं की वाइट बेटावरच्या सेंट कॅथरिन्सहून एकाच वेळी एक इंग्रजी आणि एक फ्रेंच संदेश पाठवले गेले आणि सुमारे ५० किलोमीटरवर पूलला ते दोन रिसीव्हरांवर वेगळे उतरले, दोन्ही रिसीव्हर एकाच एरियलला जोडले तेव्हासुद्धा.

हे सगळं श्रेय मार्कोनीचं नाही, हे इथं स्पष्ट लिहायला हवं. लॉज आधी होता, जर्मनीत ब्राउन जोडसर्किटांवर काम करत होता आणि अमेरिकेत जॉन स्टोन स्टोनचा अर्ज फेब्रुवारी १९०० चा होता. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्कोनीच्या चार सर्किटांच्या अमेरिकी पेटंटचे मुख्य दावे याच कारणानं रद्द ठरवले.

ट्यूनिंग किती नाजूक होतं ते १२ डिसेंबर १९०१ ला दिसलं. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर अटलांटिकपलीकडून येणारं मोर्समधलं 'एस' हे अक्षर ऐकायला मार्कोनी बसला, तेव्हा एरियल पतंगाला टांगलेलं होतं. वाऱ्यानं पतंग वरखाली व्हायचा, तसतशी एरियलची धारकता (वीज साठवायची क्षमता) बदलायची आणि लावलेला सूर हलायचा. शेवटी त्यानं ट्यून केलेला रिसीव्हर बाजूला ठेवला आणि साध्या, न लावलेल्या रिसीव्हरला फोन जोडून ऐकलं. त्या दिवशी वापरलेल्या पाऱ्याच्या डिटेक्टरची (लहर आल्याचं ओळखणाऱ्या भागाची) मूळ कल्पना जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या कामात आहे.

आणि झोपाळ्याला दणका? तो १९०३ च्या जूनमध्ये बसला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंगचं व्याख्यान होतं, मार्कोनीचा संदेश यायचा होता. तेवढ्यात यंत्रावर 'रॅट्स' हा शब्द पुन्हा पुन्हा उमटायला लागला. नेव्हिल मॅस्केलाइन या जादूगारानं जवळच्याच इमारतीतून साध्या ठिणगीच्या यंत्रानं तो पाठवला होता. ट्यूनिंग असल्यामुळे परका माणूस घुसू शकत नाही, असा कंपनीचा दावा होता. मॅस्केलाइनचं वागणं सभ्य होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं दाखवलेली उणीव खरी होती.

मग सुधारणा दोन्ही टोकांना झाल्या. पाठवणाऱ्याच्या टोकाला आणखी एक अडचण होती. दोन सर्किटं घट्ट जोडली की ऊर्जा एकातून दुसऱ्यात आणि पुन्हा मागे जाते आणि एकाऐवजी दोन लांबीच्या लहरी निघतात. म्हणजे एक स्टेशन दोन जागा अडवतं. जोड सैल केली तर लहर शुद्ध, पण जोर कमी. यावर मॅक्स वीननं १९०६ मध्ये सुंदर तोडगा काढला: एका मोठ्या फटीऐवजी धातूच्या चकत्यांमध्ये अनेक बारीक फटी. ऊर्जा एरियलमध्ये पोचली की ठिणगी लगेच विझते, परतीची वाट बंद होते आणि एरियल एकटंच आपल्या सुरात वाजत राहतं. १९१२ च्या अमेरिकी कायद्यानं याला आकडाच लावला. लहरीचा ऱ्हास दर हेलकाव्याला ०.२ पेक्षा जास्त नको, म्हणजे प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या निदान ८२ टक्के तरी हवा. असा हेलकावा शंभरातला एक भाग उरेपर्यंत तेवीस वेळा झुलतो. आता याला सूर म्हणता येईल.

घेणाऱ्याच्या टोकाला चार्ल्स फ्रँकलिनचा मल्टिपल ट्यूनर आला, १९०७ चा. यात एरियल, मधलं आणि डिटेक्टरचं अशी तीन सर्किटं, प्रत्येकाला आपलं बटण. डिटेक्टर म्हणजे चुंबकाजवळून चावी दिलेल्या घड्याळी यंत्रावर फिरणारी लोखंडी तारांची दोरी आणि कानाला फोन. ऑपरेटर एरवी खटका 'स्टँड बाय'वर ठेवायचा, म्हणजे सगळ्या लांबीच्या लहरी ऐकू येत, कुणी हाक मारली तर चुकायला नको. हाक आली की खटका 'ट्यून'वर, तिन्ही बटणं जुळवायची आणि मग कॉइलींमधली जोड हळूहळू सैल करत जायची. आवाज उतरतो, पण नको असलेला जास्त उतरतो. माझ्या पुठ्ठ्याच्या नळ्यांनी हेच केलं होतं.

शिवाय कान होताच. सेकंदाला शेकडो ठिणग्या एकसारख्या पडायला लागल्यावर फोनमध्ये खरखरीऐवजी शिट्टीसारखा स्वर यायला लागला आणि प्रत्येक स्टेशनची पट्टी वेगळी. एकाच लांबीवर दोघं बोलत असले तरी मुरलेला ऑपरेटर उंच स्वर सोडून खालचा उतरवून घ्यायचा. बाजारात दहा जण ओरडत असताना आपल्या माणसाची हाक कळते, तसंच.

आता टायटॅनिक. १९०६ च्या बर्लिन करारानं जहाजांच्या सर्वसाधारण कामासाठी ३०० आणि ६०० मीटर अशा दोनच लांबी ठरवल्या होत्या. कारणही योग्य होतं, संकटात कुणीही कुणाला ऐकू शकलं पाहिजे. पण त्याचा अर्थ असाही होतो की सगळे एकाच सुरात. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जॅक फिलिप्स केप रेस या दूरच्या किनारी स्टेशनाशी प्रवाशांचे संदेश करत होता. कॅलिफोर्नियन हे जहाज जवळ होतं. त्याचा ऑपरेटर सिरिल एव्हान्स यानं आपण बर्फात थांबलोय असं कळवायला सुरुवात केली आणि तो आवाज फिलिप्सच्या कानात एकदम मोठ्यानं आला. त्यानं 'गप्प बस, मी केप रेसशी कामात आहे' अशा अर्थाचं उत्तर दिलं. एव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग यंत्र बंद करून झोपला. फिलिप्सला दोष देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की एकाच लांबीवरचा जवळचा आवाज गाळून टाकणारं बटण त्याच्या ट्यूनरवर नव्हतं आणि कुणाच्याच नव्हतं.

ठिणगी जाऊन सलग लहर आल्यावर, आधी पाऊलसेनची आर्क आणि मग व्हॉल्व्ह, सूर खरोखर टिकायला लागला आणि स्टेशनं एकमेकांशेजारी दाटीनं बसू शकली. पण जवळच्या दणक्याचा प्रश्न तेव्हाही सुटला नाही. आपल्याकडे १९२७ मध्ये इंग्लंडशी बीम वायरलेस (एकाच दिशेनं लहरींचा झोत सोडणारी बिनतारी सेवा) सुरू झालं, तेव्हा पाठवायचं स्टेशन पुण्याजवळ खडकीला उभारलं आणि ऐकायचं दौंडला, साधारण पाऊणशे किलोमीटर लांब. इंग्लंडहून येणारा क्षीण आवाज ऐकायचा, तर स्वतःचंच ट्रान्समीटर कानाशी असून चालणार नव्हतं.