'यूज्ड टू' म्हणजे सवय आहे की सवय होती?

तुम्ही विचारलंय की "आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स" म्हणजे 'मी रोज सहाला उठतो' असंच ना? नाही हो, याचा अर्थ पूर्वी सहाला उठायचो, आता नाही उठत.

माझं शिक्षण मराठी मीडियमचं, पुण्यात पहिल्याच इंटरव्ह्यूला मी सांगून बसले "आय यूज्ड टू वर्क ऑन टॅली", मला म्हणायचं होतं की रोज टॅलीवरच काम करते, तर समोरच्या मॅडम म्हणाल्या मग का सोडलं? मला कळेचना की मी सोडलं असं कधी म्हणाले, दोन मिनिटं नुसता गोंधळ. रोजचं सांगायचं तर साधं "आय वर्क ऑन टॅली", बास.

खरं तर आपल्याला हे सोपं जायला पाहिजे कारण मराठीत तयार रूप आहे, जायचो, खायचो, खेळायचो. मनात 'ायचो' आलं की 'यूज्ड टू'. आणि मराठीत जिथे 'ायचो' विचित्र वाटतं तिथे इंग्लिशमध्येपण चालत नाही, म्हणजे 'मी साताऱ्याला पाच वर्षं राहायचो' असं आपण म्हणत नाही, 'राहिलो' म्हणतो, तसंच तिकडे "आय लिव्ड इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स". एकूण किती वर्षं, एकूण किती वेळा असा आकडा आला की 'यूज्ड टू' नको. फक्त 'इथे आधी थिएटर होतं' ह्याला आपण नुसतं होतं म्हणतो, इंग्लिशमध्ये मात्र "देअर यूज्ड टू बी अ थिएटर हिअर" अगदी सर्रास चालतं.

आता तुम्हाला जी सवय म्हणायचीय ती वेगळी, तिथे आधी ॲम, इज, आर पाहिजे आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी, "आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट सिक्स", म्हणजे सहाला उठायची सवय आहे, त्रास होत नाही. सवय अजून लागतेय तर "आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट". हॉस्टेलवर नवीन आलेल्या मुलीला मेसच्या जेवणाबद्दल विचारलं तर ती हेच म्हणेल.

आणि बोलताना 'यूज्ड' 'टू' असं तोडू नका, दोन्ही मिळून 'यूस्टू' असं येतं, ऐकताना तुम्हाला सापडत नसेल तर बहुतेक म्हणूनच.