लोकल यूपीएस, उबंटू आणि ‘ड्रायव्हर नॉट कनेक्टेड’

ताई, सातपूरच्या वर्कशॉपमधलं उबंटू मशीन, त्याला यूएसबीने जोडलेला लोकल बनावटीचा यूपीएस, आणि नट (नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे यूपीएसवर लक्ष ठेवून मशीन नीट बंद करणारं सॉफ्टवेअर) टाकूनही ‘ड्रायव्हर नॉट कनेक्टेड’च दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. हे सुटतं. पण तेवढ्यावर थांबू नका, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘नट.कॉन्फ’ ही सेटिंगची फाइल उघडा. डेबियन-उबंटूत तिथे मोड ‘नन’ असतो, तो ‘स्टँडअलोन’ करा. नाहीतर काहीच सुरू होत नाही. मग ‘एलएसयूएसबी’ ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवा. ०६६५:५१६१ हा आयडी दिसला तर तो आतल्या सायप्रेस चिपचा आहे, त्यावरून कंपनी कळत नाही. असे यूपीएस बहुतेक मेगाटेक नावाच्या जुन्या संवादपद्धतीने (प्रोटोकॉलने) बोलतात, म्हणून ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ हा ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही. ‘यूपीएस.कॉन्फ’मध्ये ‘नटडीआरव्ही_क्यूएक्स’ लिहा, पोर्ट ‘ऑटो’. सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) ड्रायव्हर चालतो पण सर्व्हिस म्हणून चालत नाही, असं झालं तर अडचण परवानगीची आहे. यूएसबी केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लागू होतो.

आता खरा मुद्दा. मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या अंबडच्या शेडची लाइट गेली. स्क्रीनवर बॅटरी १०० टक्के होती. पाचव्या मिनिटाला ५८ झाली, आणि पुढचा आकडा यायच्या आत मशीन बंद. डेटाबेस बिघडला, दोन दिवसांची चलनं हाताने पुन्हा भरली.

चूक माझी होती, मी टक्क्यांवर विसंबलो. मेगाटेकच्या उत्तरात टक्के नसतातच. बॅटरीचा व्होल्टेज येतो आणि त्यावरून नट अंदाज बांधतं. चार्जिंगवर असताना १२ व्होल्टची थकलेली बॅटरीसुद्धा साडेतेराच्या आसपास दाखवते. लोड आला की ती बसते.

म्हणून असा यूपीएस असेल तर मशीन टक्के बघून नाही, ठरावीक वेळ मोजून बंद करायचं. नटच्याच ‘यूपीएसशेड’ या भागात टायमर लावा: बॅटरीवर गेलं की १२० सेकंद मोजायचे, लाइट आली तर रद्द, नाहीतर ‘यूपीएसमॉन -सी एफएसडी’ ही मशीन बंद करायची आज्ञा. ‘यूपीएसमॉन.कॉन्फ’मध्ये ऑनबॅट (बॅटरीवर गेलं) आणि ऑनलाइन (लाइट आली) या दोन्ही सूचनांना ‘एक्झेक’ (म्हणजे आज्ञा चालव) लावायला विसरू नका, बरेच जण तिथेच अडकतात. त्याच फाइलमधल्या ‘मॉनिटर’ या ओळीत नटच्या २.८ आवृत्तीपासून ‘मास्टर’ऐवजी ‘प्रायमरी’ लिहितात.

१२० हा आकडा मात्र स्वतः तपासा. मशीनची पिन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, यूएसबी तशीच राहू द्या. यूपीएसवर मशीनच्या लोडइतका, समजा २०० वॅटचा बल्ब लावा आणि यूपीएसची पिन उपटा. बल्ब किती मिनिटं टिकतो ते घड्याळावर बघा आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत मशीन पूर्ण बंद व्हायला हवं. दर सहा महिन्यांनी हे पुन्हा करा.

शेवटी बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’नंतर मशीन आपोआप चालू होईल असं ठेवा. तरी मशीन बंद होताना यूपीएसनेही आउटपुट तोडलं पाहिजे. नाहीतर मधेच लाइट आली तर मशीनला वीज गेल्याचं कळतच नाही आणि ते सकाळपर्यंत तसंच बंद राहतं.

आयडी वेगळा निघाला तर एलएसयूएसबीची ती ओळ पाठवा, ड्रायव्हर कोणता ते सांगतो.