स्लायडरसाठी फेअरिंगला भोक: ड्रेमेल हातात घ्यायच्या आधी

अरे बाईकला स्लायडर (गाडी पडली तर आधी जमिनीला घासणारा, बोल्टने बसवायचा गट्टू) लावायला फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर, कापायला काहीच हरकत नाही, पण दीड इंची भोक ड्रेमेलला (हातात धरायचं छोटं, वेगाने फिरणारं टूल) कापायची डिस्क लावून गोल फिरवत कापायचा जो प्लॅन तू सांगितलायस तो सोड. डिस्क सरळ रेषेत चालते, गोलाईत वळवलीस की बाजूने जोर येतो आणि त्या तपकिरी पातळ चकत्या टचकन फुटतात, तुकडा कुठे उडेल नेम नाही. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल घे, आणि धुळीसाठी मास्क.

खरा वैरी म्हणजे उष्णता. पॅनल आतून बघ, बारीक अक्षरात मटेरियल छापलेलं असतं, बहुतेक एबीएस किंवा पीपी, ही प्लास्टिकची नावं. एबीएस १०० डिग्रीच्या जरा वर गेलं की मऊ पडतं, आणि हे टूल ३०-३५ हजार आरपीएमला पळतं, म्हणजे प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि डिस्क पुढे सरकली की मागची फट परत चिकटते, मग माणूस अजून दाबतो आणि पॅनलची वाट लागते. त्यामुळे स्पीड खालचा, हात हलका, मध्ये मध्ये थांबायचं.

आता भोक नेमकं कुठे, हे कापण्यापेक्षा अवघड. स्लायडरचा लांब बोल्ट बसव, टोकाला ओलं गंध लाव, फेअरिंग जागेवर आणून हलकेच दाब, आतून ठिपका उमटतो. मग पॅनल काढून टेबलावर घे (गाडीवर असताना टूल चालवू नकोस, मागे वायरिंग आणि रेडिएटर आहे), बाहेरून मास्किंग टेप, ठिपक्यावर ४ एमएमचं भोक, मग साध्या ड्रिलला स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारं शंकूसारखं बिट) लावून हळूहळू मोठं कर. ड्रेमेल येतो तो इथे, सँडिंग ड्रम (पॉलिश पेपर चढवलेलं छोटं नळकांडं) लावून कड थोडी थोडी वाढवायला. भोक मुद्दाम लहान ठेव, दर वेळी लावून बघ, कमी पडलं तर वाढवता येतं पण जास्त झालं तर गेलं. स्लायडरभोवती ५ एमएम तरी मोकळी जागा हवी, इंजिन थरथरतं आणि फेअरिंग हलतं, घासलं की तडा ठरलेला.

कडेला कानस मारताना रंगाच्या बाजूने आत ढकल, उलट मारलीस तर रंगाचे टवके उडतात. मग २२० आणि ४०० चा पॉलिश पेपर, वरून रबरी बीडिंग (कडेवर बसवायची पट्टी). आणि कधी चौकोनी खाच काढायची झालीच तर कोपऱ्यात आधी गोल भोक पाड, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. लांब सरळ कापाला मी अजूनही हॅक्सॉ ब्लेडलाच कापड गुंडाळून हातात धरतो, वेळ लागतो पण वितळत नाही.

हां आणि स्लायडरचा बोल्ट इंजिन माउंटला (इंजिन फ्रेमला जिथे बोल्टने धरलेलं असतं तिथे) जात असेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढू नकोस, इंजिनखाली जॅक देऊन एका वेळी एकच.