नव्या बाईकमध्ये कोणतं ऑइल टाकू?

मित्रा, कंपनी कोणती ते नंतर, आधी गाडीचं मॅन्युअल उघड. त्यात ग्रेड दिलेला असतो, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं, सकाळी स्टार्ट केल्या केल्या वरपर्यंत पोचतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. ‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता खरी मेख. बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मी एकदा घरात उरलेलं कारचं ऑइल बाईकमध्ये ओतलं. चढावर थ्रॉटल पिळला की इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकेना, क्लच घसरत होता. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, तेच क्लचला नडतात. म्हणून डब्याच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय का बघ; ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ही जपानी मानकं आहेत. ‘एमबी’ गिअरलेस स्कूटरसाठी असतं, ते घेऊ नकोस.

सिंथेटिक की मिनरल? मॅन्युअलमध्ये असेल ते. आणि ऑइल मोजूनच भर, जास्त झालं तरी त्रासच.