‘मॅडम, एमबीए केलं की सिनेमात घेतात का?’

पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुले गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मनोरंजनाच्या क्षेत्रात जायचे असेल तर व्यवस्थापनाची पदवी उपयोगी पडते का? हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे, की ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एका मुलीची हकिगत येथे मांडावीशी वाटते. तिला प्रणाली म्हणू.

प्रणाली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पहिल्या भेटीला वडील सोबत होते आणि बोलतही तेच होते. पुण्यातल्या एका खासगी संस्थेच्या शुल्कासाठी एक एकर धानाची जमीन विकण्याची त्यांची तयारी होती. ‘‘पोरगी एमबीए करते म्हणते त करू द्या, मॅडम. पण नाटकवाल्यांत नाही पाठवायची.’’ गंमत अशी, की गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेच्या, निमित्ताने दरवर्षी नाटक आणणाऱ्या मंडळाचे हेच गृहस्थ जुने कार्यकर्ते. झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे आमच्या भागातल्या व्यावसायिक नाटकांचा, हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो, नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या वडशात असतात आणि गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटकाच्या तारखा ठरवतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा प्रणालीच्या वडिलांनीच गावात पेढे वाटले होते. तरीही स्वतःच्या मुलीचा विषय निघाला, की ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहत असे.

दुसऱ्या भेटीत मी प्रणालीला एकटीला विचारले, ‘‘उद्या बाबांनी सांगितले, की पदवी घेऊ नकोस, थेट कामाला लाग, तर काय करशील?’’ ती क्षणभरही थांबली नाही. ‘‘तर मी वडशाला जाईन. पण एमबीए म्हटलं तरच बाबा घराबाहेर पाठवतील.’’

माझ्या लेखी गाठ तिथेच उकलू लागली. पदवी उपयोगी आहे की नाही, हा तिचा प्रश्नच नव्हता. तिला पदवी हवी होती ती परवानगी म्हणून, वडिलांना चारचौघांत सांगता येईल असे कारण म्हणून. समोर आलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो मुळात कोणाचा आहे हे शोधावे, अशी माझी पहिल्यापासूनची धारणा आहे, आणि एकट्या मुलाकडे पाहून तो सापडत नाही, सगळे घर पाहावे लागते. ही पद्धत वेळखाऊ आहे, अशी टीका मी ऐकली आहे. जमीन विकण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त आहे.

तिसऱ्या भेटीत मी तिला नाटकाची सर्वांत जुनी आठवण सांगायला सांगितले. नायक, गाणी, पडदा असे काहीतरी येईल, असे मला वाटले होते. कोणते नाटक होते, हे तिला आठवतही नव्हते. आठवत होती ती पहाट. नाटक संपल्यावर बाबांनी कंदिलाच्या उजेडात गल्ला मोजला, पैसे कमी भरले आणि ते कोणाशी काही न बोलता घरी चालत आले. त्या वर्षी ती सातवीत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने एक वही सुरू केली.

‘‘ती वही आहे अजून?’’ मी विचारले.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली आणि मी मुद्दामच वडिलांनाही आत बोलावले. नाटक मंडळीला दिलेली रक्कम, मंडप, विजेचा खर्च, भोंग्याची गाडी, खुर्चीची तिकिटे आणि जमिनीवरच्या बैठकीची तिकिटे यांचा वर्षावर्षाचा हिशेब तिने ठेवला होता. तोट्याच्या एका वर्षापुढे तिने लिहिले होते: ‘शेजारच्या गावात त्याच रात्री नाटक. तारीख घेण्याआधी विचारायला हवे होते.’ वडिलांनी ते पान दोनदा वाचले. ‘‘हे मंडळाला कधी दाखवलं नाहीस?’’

‘‘कोणी विचारलं?’’

बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही; अशा वेळी गप्प बसणे मला अनेक वर्षांच्या सरावानंतर जमू लागले आहे. मग मी वडिलांना एवढेच सांगितले, की सिनेमा कोणत्या शुक्रवारी लावायचा आणि समोर दुसरा मोठा सिनेमा असेल तर काय करायचे, हे ठरवणारी माणसे मुंबईत याच कामाचा पगार घेतात.

यानंतर कुठे पदवीविषयी बोलता आले. अभिनय, लेखन किंवा दिग्दर्शन करायचे असेल तर व्यवस्थापनाच्या पदवीने दार उघडत नाही; त्यासाठी सराव लागतो, किंवा पुण्यात 1960 साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटसारखे शिक्षण. निर्मितीचे अंदाजपत्रक, वितरण, प्रसिद्धी, हक्कांची खरेदी-विक्री या बाजूला मात्र ती खरोखर कामी येते. सिद्धार्थ रॉय कपूर यांच्यासारखे निर्माते मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून व्यवस्थापन शिकूनच या क्षेत्रात आले. त्यातही फरक आहे. वाहिन्या, स्टुडिओ, संगीत कंपन्या अशा पगारी आस्थापना पदवी पाहतात; चित्रीकरणाच्या जागी मात्र मागच्या कामात तुम्ही कसे वागलात, हे विचारले जाते. शिवाय पदवीच्या वर्गात करार वाचायला शिकवतीलच असे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा राखून ठेवला, हे ठाऊक असलेला व्यवस्थापक कलावंतांना जवळचा वाटतो.

‘मीडिया मॅनेजमेंट’ अशा आकर्षक नावाच्या अभ्यासक्रमाबद्दल मी साशंक असते. मागच्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे, कोणत्या कामावर आहेत, हे त्यांनाच फोन करून विचारावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. साधे, प्रवेश परीक्षा देऊन मिळणारे एमबीए कमी झगमगते, पण हे क्षेत्र मानवले नाही तर दुसरीकडेही चालते.

प्रणालीने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला. जमीन विकली गेली नाही. येत्या हंगामात ती वडशातल्या एका मंडळीच्या कचेरीत तारखा आणि हिशेब सांभाळणार आहे, सोबत प्रवेश परीक्षेची तयारी करणार आहे, आणि नातेवाइकांना काय सांगायचे ते मी सांगते, हे तिच्या आईने परस्पर आपल्याकडे घेतले आहे. वही मात्र मंडळाकडे ठेवायची की तिने सोबत न्यायची, यावर बापलेकीचे अजून एकमत झालेले नाही.